टाटा १२१० चं ६९२ इंजिन : बंद झालेले पार्ट कसे आणि कुठे शोधावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची टाटा १२१० कळंबोलीत उभी आहे. इंजिन ६९२ डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं), मिस्त्रींनी खोलून ठेवलंय. त्यांनी दिलेल्या यादीत लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि पिस्टनचा किट, मेन आणि बिग एंड बेअरिंग (क्रँकची आणि रॉडची), हेड गॅस्केट, ऑईल पंप, टायमिंगचा एक गिअर आणि वॉटर पंप आहे. डीलरकडे ‘आता येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. कुर्ल्यात एकाने ‘६९७ चा घाला, बसतो’ असं सांगितलं. घरचे म्हणतात, भंगारात काढा. पार्ट मिळतील का, आणि ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळतील?

मिळतील. सगळे तयार मिळणार नाहीत, पण जे मिळणार नाहीत त्यांतले बरेचसे दुरुस्त होतात किंवा बनवून घेता येतात. तुर्भ्यात माझं जुन्या डिझेल इंजिनांचंच काम आहे, आणि रोज हेच बघतो. गाडीचं नाव सांगून फिरणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. माप आणि नंबर घेऊन फिरणाऱ्याला माल सापडतो. म्हणून दुकानांचे पत्ते नंतर, आधी इंजिन ओळखा.

टाटाच्या या जुन्या इंजिनांचं नावच त्यांचं माप सांगतं. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १२० मिमी, क्षमता ४.७८८ लिटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, स्ट्रोक १२८ मिमी, ५.६७५ लिटर. बोअरमध्ये ५ मिमीचा आणि स्ट्रोकमध्ये ८ मिमीचा फरक असताना ६९७ चा किट ६९२ मध्ये ‘बसतो’ हे शक्य नाही. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा अख्खं इंजिन बदलायचं असेल. तो वेगळा विषय आहे, त्यावर खाली लिहिलंय.

पण तुमचं इंजिन खरोखर ६९२ च आहे का, हे स्वतः तपासा. इतक्या वर्षांत गाडी किती हातांतून गेली, कुणी कधी इंजिन बदललं, हे आरसी बुकावरून कळतंच असं नाही. सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला कार्बनचा थर असतो. तो खरवडून काढला की बोटाला एक बारीक धार लागते. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत झीज होते, त्याच्या वरची पट्टी जवळजवळ मूळ मापाचीच राहते. त्या पट्टीवर बोअर गेज किंवा चांगला व्हर्निअर लावा. ९२ च्या आसपास आलं तर ६९२. ९२.५० आलं तर आधी कुणीतरी बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन घातलेत, आणि मग स्टँडर्ड किट शोधण्यात अर्थ नाही.

हेडही नीट बघा. टेल्कोने (टाटा मोटर्सचं जुनं नाव) डेमलर-बेंझबरोबर १९५४ साली करार केला आणि तो १९६९ पर्यंत चालला. त्या घराण्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत प्री-चेंबर (डिझेल आधी जिथे पेटतं ती हेडमधली छोटी खोली) होतं, नंतर डायरेक्ट इंजेक्शन आलं. प्री-चेंबरच्या हेडला हीटर प्लग असतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी असते. या दोन तऱ्हांचे पिस्टन, हेड आणि नोजल एकमेकांना चालत नाहीत. जुन्या स्टॉकमधून माल घेताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, कारण डब्यावर नुसतं ‘१२१०’ लिहिलेलं असतं.

नंबर कुठे सापडतात? टाटाचा जुना पार्ट नंबर बारा आकडी असतो. पहिले चार आकडे कुळ सांगतात, पुढचे आकडे कुठला भाग ते सांगतात. हेड, मॅनिफोल्ड, ऑईल पंपाची बॉडी अशा ओतीव भागांवर उठावाचे आकडे असतात. ते डिझेल आणि वायर ब्रशने साफ करा, खडू फिरवा आणि फोटो काढा. कास्टिंगचा नंबर आणि पार्ट नंबर नेहमी एक नसतो, तरी दुकानदाराला तो पुरतो. जुन्या पार्ट कॅटलॉगची झेरॉक्स एखाद्या निवृत्त स्टोअरकीपरकडे किंवा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या मेकॅनिककडे हमखास असते. या लोकांना मान देऊन विचारा. त्यांच्या तोंडी असलेली माहिती कुठल्याही डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये नाही.

बेअरिंगचं उत्तर तुमच्या हातातच आहे. जुनं शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) काढा, पाठ डिझेलने धुवा, उजेडात तिरकं धरा. बनवणाऱ्याची खूण आणि साईज कोरलेली दिसेल. एसटीडी म्हणजे स्टँडर्ड. ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० असेल तर तेवढ्या मिलिमीटरने क्रँक ग्राइंड झालाय. जुन्या मालावर हेच इंचात ०१०, ०२०, ०३०, ०४० असं असतं. आपल्याकडचे मिस्त्री ‘दहा, वीस, तीस’ म्हणतात ते हेच. मात्र त्या आकड्यावर विसंबून बेअरिंग विकत घेऊ नका. क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे नेऊन प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मापा, गोलाई आणि टेपर बघा, तडा तपासायची मॅग्नाफ्लक्स टेस्ट करून घ्या. मग ठरवा की पॉलिशवर भागतंय की पुढची साईज घ्यायची.

इथे एक उलटी युक्ती उपयोगी पडते. दुर्मिळ इंजिनाच्या बाबतीत आधी बाजारात कुठल्या साईजचं बेअरिंग मिळतंय ते शोधा, हातात घ्या, आणि त्या मापाला क्रँक ग्राइंड करा. आधी ग्राइंड करून मग बेअरिंग शोधायला निघालेले लोक अडकतात, कारण कापलेलं लोखंड परत येत नाही. तेलाची फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश धरतात, म्हणजे ७० मिमीच्या जर्नलला ०.०७ मिमी. नक्की आकडा मॅन्युअलमधलाच घ्यावा. दुसऱ्या इंजिनाचं बेअरिंगही कधी कधी चालतं, पण हाऊसिंगचा व्यास, शेलची जाडी, रुंदी, कानाची जागा आणि तेलाचं भोक या सगळ्या गोष्टी जुळल्या तरच. भोक अर्धं झाकलं गेलं तरी क्रँक जळतो.

आता बाजार. कळंबोली तुमच्या दारात आहे, तिथून सुरुवात करा. स्टील मार्केटच्या आसपास आणि ट्रक टर्मिनलच्या बाजूला नव्या दुकानांत विचारू नका. वीस-तीस वर्षं एकाच गाळ्यात बसलेला दुकानदार शोधा. वाशी-तुर्भ्याच्या मार्केट यार्डाजवळच्या ट्रक टर्मिनलभोवतीही असे काही जण आहेत. कुर्ल्याला सीएसटी रोडवरचा भंगार बाजार खोललेल्या गाड्यांच्या मालासाठी. ऑपेरा हाऊसची पेढीवाली दुकानं नव्या, पॅकबंद मालासाठी, आणि तिथे जुना न खपलेला स्टॉक माळ्यावर पडलेला असतो. शिळफाटा, डायघर, मुंब्रा या पट्ट्यातल्या भंगार गोदामांत अख्खी इंजिनं मिळतात, पण चार पावसाळे उघड्यावर काढलेला ब्लॉक घेताना पाण्याच्या जॅकेटमधला गंज आणि बोअरमधले खड्डे टॉर्च लावून बघा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजतं. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेतला माल बहुतेक वेळा बरा निघतो, भाडं देऊन आणलेला परवडतो.

फोनवर विचारताना ‘१२१० चा किट आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ येणारच. असं विचारा : ‘शेठ, ६९२ डीआय, बोअर ९२ स्टँडर्ड, पिनचा व्यास अमुक, पिस्टनची उंची अमुक, रिंगा इतक्या, वाटीचा फोटो व्हॉट्सॲपला टाकतो. जुन्या स्टॉकमध्ये बघाल का? घाई नाही.’ ‘घाई नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माळ्यावर चढायला माणूस लागतो, आणि दुकानदार ते दुपारी गिऱ्हाईक नसताना करतो. पुन्हा एकदा आठवण करा, शक्य असेल तर स्वतः जा.

मुंबईत नाहीच मिळालं तर दिल्लीचं कश्मीरी गेट, राजकोट आणि कोल्हापूर ही माझी पुढची ठिकाणं. राजकोट डिझेल इंजिनच्या सुट्या भागांचं गाव आहे, तिथे नमुना पाठवून लायनर बनवून मिळतो. कोल्हापूरला फाउंड्री आणि मशीनिंग एकाच गावात असल्यामुळे ओतीव भाग करून घेणं सोपं पडतं. पिस्टन आणि बेअरिंगचे मोठे कारखानेही तिथे आहेत. तामिळनाडूत नामक्कल हे लॉरीवाल्यांचं गाव, पण तिथे ओळखीच्या ड्रायव्हरकरवी विचारलेलं बरं. सरकारी खात्यांचा आणि महामंडळांचा निकाली माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. तिथे लॉट मोठे असतात, एका इंजिनासाठी जमणार नाही. चार-पाच गाडीमालक मिळून घेतलात तर विचार करा.

हे वाचणाऱ्यांत कुणाकडे लेलँडचं जुनं ३७० किंवा ४०० इंजिन असेल तर त्याचं काम तुमच्यापेक्षा सोपं आहे. ते आकडे घन इंचातले आहेत, ३७० म्हणजे साधारण ६ लिटर. ही इंजिनं मच्छीमार ट्रॉलरवर इतकी बसली की गाड्या संपल्या तरी इंजिनं समुद्रात चालू राहिली. उरणजवळ करंजा, मुंबईत ससून डॉक, रत्नागिरीला मिरकरवाडा इथल्या बोटीच्या मिस्त्रींना विचारा, ट्रकवाल्यांना नको. मात्र खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड घेऊ नका.

आता तुमच्या यादीकडे येतो. पहिला किट. पूर्ण किट मिळाला तर उत्तम, पण नाही मिळाला म्हणून थांबू नका. लायनर, पिस्टन आणि रिंगा वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवता येतात. ड्राय लायनर (बाहेरून पाणी न लागणारा) बाजारात फिनिश आणि सेमी-फिनिश अशा दोन तऱ्हांनी मिळतो. सेमी-फिनिश लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसवल्यावर पिस्टनच्या मापाला बोअर आणि होनिंग (आतून बारीक घासणं) करतात. जुन्या इंजिनाला मी हाच पसंत करतो, कारण ब्लॉकची वाकडीतिकडी झीज बोअरिंगमध्ये सरळ होते. पिस्टनमध्ये व्यासाइतकीच महत्त्वाची आहे ती पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची. ती जास्त झाली तर पिस्टन हेडला ठोकतो, कमी झाली तर कॉम्प्रेशन पडतं आणि थंडीत गाडी उठत नाही. सहाही पिस्टन वजनकाट्यावर घाला. सराफाकडचा काटा उत्तम. काही ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर तो सेट नव्हे, कुठून कुठून गोळा केलेला माल आहे.

रिंगा जुन्या स्टॉकच्या असतील तर मेणकागद उघडून बघा. गंजाचा ठिपका दिसला तर परत करा. रिंग बोअरमध्ये सरळ घालून टोकांमधली फट फीलरने मापा. बोअरच्या ०.३ ते ०.४ टक्के हा कामचलाऊ नियम आहे, म्हणजे ९२ च्या बोअरला साधारण ०.२८ ते ०.३७ मिमी.

हेड गॅस्केट जुन्या स्टॉकचं चालतं, पण सपाट ठेवलेलं हवं. घडी पडलेलं, कडा सुटलेलं फुकट दिलं तरी घेऊ नका. गॅस्केटवर हेड अवलंबून आहे असं आपण म्हणतो, खरं तर हेडवर गॅस्केट अवलंबून असतं. हेड प्रेशर टेस्ट करा, फेसिंग (खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) किती झालंय ते जाडी मापून ठरवा. मर्यादेखाली गेलेलं हेड डिझेलला चालत नाही, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर उरत नाही. ऑईल सील आणि रबरी ओ-रिंग मात्र जुन्या स्टॉकच्या कधीही घेऊ नका. रबर डब्यात पडून कडक होतं. ऑईल सीलला गाडीचं नाव लागत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी एवढं घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, ताजा माल मिळेल.

ऑईल पंप शोधत बसण्याआधी खोलून बघा. बहुतेक वेळा गिअरची बाजू आणि कव्हर झिजलेलं असतं. कव्हर ग्राइंड करून, बॉडीचा पृष्ठभाग मारून बाजूची फट मापात आणता येते. शाफ्टचे बुश नवे करा, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बदला. बॉडीलाच आतून चर पडली असेल तरच दुसरा पंप शोधा. वॉटर पंपातलं बेअरिंग मापाने मिळतं, सीलही जुळणारं मिळतं, शाफ्ट कुठलाही चांगला लेथवाला करून देतो. इम्पेलर गंजून गेला असेल तर जुन्यावरून पॅटर्न करून ओतता येतो.

टायमिंग गिअर हे अवघड काम आहे, आणि इथे पैसे वाचवायला जाऊ नका. दात तिरके असतात, कोन अचूक यावा लागतो, आणि वर केस हार्डनिंग (दातांचा वरचा थर कडक करणं) हवं. वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे एमआयडीसीत गिअर कटिंगची चांगली वर्कशॉप आहेत. त्यांच्याकडे झिजलेला गिअर एकटा नेऊ नका, त्याचा जोडीदार गिअरही न्या आणि दोन्हींमधलं केंद्रांतर सांगा. ईएन ३५३ सारख्या पोलादात करून हार्डनिंगनंतर दात ग्राइंड करून घ्या. कामाच्या आधी लेखी घ्या की हार्डनेस तपासून देणार. जमलं तर जुन्या इंजिनातला चांगला जोड शोधा, कारण एकत्र चाललेले दोन गिअर एकत्रच चांगले चालतात. नवा एक आणि जुना एक लावला की आवाज करतात.

काही गोष्टी कधीही स्थानिक पातळीवर बनवून घेऊ नयेत. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट त्यांत पहिले. लेथवर आटे कापलेला बोल्ट दिसायला हुबेहूब असतो, पण मूळ बोल्टचे आटे दाबून उठवलेले असतात, आणि त्या फरकावर रॉड टिकतो. रॉड सुटला तर ब्लॉकच्या बाहेर येतो, मग सुटे पार्ट शोधायचा प्रश्नच उरत नाही. हेडचे बोल्ट, बेअरिंग शेल आणि व्हॉल्व्ह हेही नावाजलेल्या कंपनीचेच घ्या, जास्त पैसे पडले तरी. तुमच्या यादीत रॉड बोल्ट नाहीत. मिस्त्रींना सांगून घाला.

फ्युएल पंपाचं कुणी बोललेलं दिसत नाही, पण इंजिन नवं केलं आणि पंप जुना ठेवला तर धूर आणि डिझेल दोन्ही तुमच्या नशिबी. पंपावरच्या पाटीवर टाइप नंबर असतो. पीईएस ६ए ९० अशी सुरुवात असेल तर सहा सिलिंडर, ए साईजचा पंप, ९.० मिमीचा एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या आणि त्याची नळी). हे पंप इतक्या इंजिनांवर बसले की एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह आजही मिळतात. नोजलवर डीएलएलए आणि पुढे आकडा कोरलेला असतो, पहिला आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. तोच कोन असलेलं नोजल हवं, ‘याच्यासारखं’ नको. पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या आणि रीडिंगचा कागद मागा.

आता अख्खं इंजिन बदलण्याबद्दल. गाडी रोज भाड्याला लावायची असेल, तर मी ६९२ चा हट्ट धरायला सांगणार नाही. चांगलं हाफ इंजिन (हेडशिवाय, क्रँक-पिस्टनसह ब्लॉक) किंवा दुसरं पूर्ण इंजिन बसवणं हिशेबाला बरं पडतं, माउंटिंग, बेल हाऊसिंग आणि फ्लायव्हील जुळवून. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसीवर चढवायला आरटीओची परवानगी लागते. एमएच-०४ असो, ४३ असो की ४६, नियम तोच. विक्रीचं बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. त्या नंबरामागे चोरीची गाडी असू शकते. गाडी ठेवायची आहे म्हणून ठेवत असाल, तर ६९२ च करा. या इंजिनाचं आयुष्य चांगल्या कामावर अजून बरंच आहे आणि ते वाचवण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फिटनेसचं शुल्क आणि तपासणी दोन्ही जड झाली आहेत, तो खर्च आधी विचारून घ्या आणि मग इंजिनात पैसे घाला.

खरेदीचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी क्रँक आणि ब्लॉकची तपासणी, कारण त्यांत तडा निघाला तर बाकीची यादीच बदलते. ब्लॉकला बारीक तडा असेल तर गॅस वेल्डिंग नको, कोल्ड स्टिचिंग (न तापवता धातूच्या पिना बसवून तडा शिवणं) करणारा शोधा. मग बेअरिंग हातात घ्या, मग पिस्टन, मग लायनर, त्यानंतर टायमिंग गिअर. गॅस्केट आणि सील सगळ्यात शेवटी, बांधणीच्या आठवड्यात. आणि मिस्त्रींना आजच सांगून ठेवा की काढलेला एकही जुना पार्ट, तुटलेला वॉशरसुद्धा, इंजिन चालू होऊन भाराखाली पळेपर्यंत भंगारवाल्याला द्यायचा नाही. माप घ्यायला आणि नमुना दाखवायला तोच लागतो.